लांब केसांना घरच्या घरी तात्पुरता रंग लावताना

कंबरेपर्यंत केस असताना मी पहिल्यांदा घरी रंग लावला, तेव्हा बाटलीवर ‘सहा ते आठ वेळा केस धुतल्यावर निघून जातो’ असे स्पष्ट छापलेले होते. वरच्या भागातला निळा रंग तेवढ्या धुण्यांत खरोखरच निघून गेला, पण खालच्या वीतभर टोकांवर तो हिरवट होत होत चार महिने टिकला. रंगात खोट नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी त्याच टोकांना ब्लीच केले होते आणि ते मला आठवलेच नव्हते. रंग तात्पुरता ठरणार की नाही हे बाटली जितके ठरवते तितकेच तुमचे केसही ठरवतात, ही गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तर माझा बराच मनस्ताप वाचला असता. त्यानंतर अनेकदा स्वतःच्या आणि घरातल्या इतरांच्या लांब केसांना रंग लावताना जे उमगले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

1. रंगाचा प्रकार ओळखा

‘तात्पुरता’ या एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. हेअर चॉक, रंगीत वॅक्स, स्प्रे आणि हेअर मस्कारा केसाच्या पृष्ठभागावरच बसतात आणि बहुधा एक-दोन धुण्यांत निघतात. सेमी-परमनंट रंग आणि रंगीत कंडिशनर यांतील रंगकण तुलनेने लहान असतात. ते केसाच्या बाहेरच्या खवल्यांमधून थोडे आत शिरतात आणि सर्वसाधारणपणे चार ते बारा धुण्यांत फिके पडतात. या दोन्ही गटांत काहीही मिसळावे लागत नाही, कारण ते केसाचा मूळ रंग काढत नाहीत, त्यावर फक्त आपला रंग चढवतात.

म्हणून खरेदी करताना एक खूण पक्की लक्षात ठेवावी. पेटीत दोन बाटल्या किंवा ट्यूब असतील आणि त्या एकत्र कालवायच्या असतील, तर तो तात्पुरता रंग नव्हे, कारण त्यातील एका बाटलीत केसाचा मूळ रंग काढणारे हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ‘अमोनियामुक्त’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. अमोनिया नाही याचा अर्थ पेरॉक्साइडही नाही असा होत नाही. काळी मेहंदी म्हणून मिळणाऱ्या पुडीबद्दल तर विशेष सावध राहावे. मेहंदीच्या पानांचा रंग तांबूस असतो. नुसत्या पाण्यात कालवून काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, मिसळलेले असते आणि त्याची तीव्र ॲलर्जी अनेकांना होते. मेहंदी स्वतःदेखील तात्पुरत्या रंगांत मोडत नाही, कारण ती केसातील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते.

एका समारंभापुरत्या दोन-चार बटा रंगवायच्या असतील, तर वॅक्स किंवा चॉक पुरेसे आहे. संपूर्ण लांब केसांना मात्र वॅक्स लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केस जड आणि चिकट होतात, कपड्यांना रंग लागत राहतो आणि रात्री गुंता सोडवताना केस तुटतात. स्प्रे वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवावी, डोळे झाकून घ्यावेत आणि जवळपास पेटता गॅस किंवा दिवा नसल्याची खात्री करावी, कारण हे फवारे ज्वलनशील असतात. पुढील बरेचसे मार्गदर्शन बाटलीतल्या सेमी-परमनंट रंगाला धरून आहे, कारण संपूर्ण लांब केसांसाठी तोच सोयीचा पडतो.

2. केसांचा इतिहास लिहून काढा

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. या हिशेबाने 75 सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे पाच वर्षांचे असते, तर टाळूजवळचा भाग अवघ्या काही आठवड्यांचा. त्या पाच वर्षांत टोकांनी ऊन, ड्रायर, विंचरणे, रबरबँडचे ताण असे बरेच काही सोसलेले असते. त्यामुळे तेथील खवले उचकटलेले किंवा झिजलेले असतात आणि असा केस रंग अधाशासारखा शोषून घेतो. मुळांजवळचा केस गुळगुळीत असल्याने त्यावर रंग जेमतेम चढतो. आखूड केसांत हा फरक फारसा कळत नाही. लांब केसांत मात्र एकाच डोक्यावर तीन-चार वेगवेगळ्या वयांचे केस असतात, आणि आपण त्यांना एकच समजून रंग लावतो म्हणूनच बहुतेक घोळ होतात.

यासाठी कागदावर केसांचे तीन भाग करा: मुळांपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत आणि तेथून टोकांपर्यंत. प्रत्येक भागाला गेल्या पाच-सहा वर्षांत काय काय केले ते आठवून लिहा. ब्लीच, हायलाइट्स, स्मूदनिंग, पर्मिंग, कायमस्वरूपी रंग, मेहंदी यांपैकी जे काही केले असेल ते सर्व टिपा. आठवत नसेल तर जुने फोटो पाहा. ब्लीच केलेल्या भागावर ‘एका धुण्यात निघणारा’ रंगसुद्धा कित्येक आठवडे डाग धरून राहू शकतो, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

छटेची निवडही याच कागदावर अवलंबून असते. तात्पुरता रंग केस उजळवत नाही. काळ्या केसांवर लाल, वांगी किंवा गडद निळा रंग लावला, तर सावलीत केस काळेच दिसतील आणि उन्हात गेल्यावर त्या रंगाची झाक दिसेल. फिका गुलाबी, आकाशी किंवा पोपटी मात्र अजिबात दिसणार नाही. बाटलीवरचा फोटो बहुधा आधी ब्लीच केलेल्या केसांचा असतो, त्यामुळे तो पाहून छटा निवडू नये. काळ्या केसांवर ब्लीचविना उठून दिसणारा रंग हवाच असेल, तर वॅक्सकडे वळावे, कारण त्यातील रंगद्रव्य अपारदर्शक असते आणि ते केसावर थर देऊन बसते.

पिवळसर उजळ केसांवर निळा लावल्यास तो हिरवट दिसतो किंवा फिका पडताना हिरवट होतो, कारण खालचा पिवळा त्यात मिसळतो. निळ्या आणि हिरव्या छटा ब्लीच केलेल्या केसांतून निघायलाही सर्वांत चिवट असतात. पहिल्याच खेपेला त्यांच्या वाटेला न जाता तांबूस किंवा वांगी छटेपासून सुरुवात करावी, हे मी कळकळीने सांगेन.

3. त्वचेची आणि बटेची चाचणी

या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि दोन्ही कराव्यात. त्वचेच्या चाचणीसाठी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा लहानसा ठिपका लावावा, तो बाटलीवरील सूचनेप्रमाणे ठेवावा आणि 48 तास वाट पाहावी. खाज, लाली, सूज किंवा पुरळ आल्यास तो रंग वापरू नये. कधी अंगावर काळ्या मेहंदीची नक्षी काढल्यावर त्वचा पोळल्यासारखी झाली असेल, तर केसांचा कोणताही रंग वापरण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. टाळूवर जखम, खरूज किंवा सोलवटलेली त्वचा असताना रंगाचा बेत पुढे ढकलावा. भुवया आणि पापण्यांना केसांचा रंग कधीही लावू नये.

बटेच्या चाचणीत नवखे लोक एक चूक हमखास करतात. कानाजवळची सोयीची बट घेऊन तिच्या मधल्याच भागाला ते रंग लावून पाहतात. लांब केसांत मानेजवळच्या आतल्या थरातली, पूर्ण लांबीची, पेन्सिलीच्या जाडीची बट घ्या आणि मुळापासून टोकापर्यंत रंगवा. ठरलेला वेळ थांबून धुवा, वाळवा आणि उन्हात पाहा. त्यानंतर तीच बट दोनदा शाम्पूने धुवून पुन्हा पाहा. वरचा भाग फिका पडला आणि टोक तसेच गडद राहिले, तर तुमची टोके किती रंग धरतात हे तुम्हाला कळले. माझ्या पहिल्या खेपेला एवढे केले असते, तर टोकांचा निळा त्या एका बटेवरच उघडा पडला असता.

4. साहित्य

रंग कमी पडणे हे लांब केसांचे नेहमीचे दुखणे आहे. 100 मिलीची बाटली साधारण खांद्यापर्यंतच्या केसांना पुरते. कंबरेपर्यंतच्या केसांना 200 ते 300 मिली लागतो आणि केस फार दाट असतील तर त्याहूनही अधिक. अर्ध्यावर रंग संपला की माणूस उरलेला रंग ताणून ताणून लावतो आणि नेमका मागचा भाग पट्ट्यापट्ट्यांचा होतो. एक बाटली जास्त आणून ठेवावी. सेमी-परमनंट रंग कशात कालवायचा नसल्यामुळे न उघडलेली किंवा स्वच्छ राहिलेली बाटली पुढच्या वेळी वापरता येते.

याखेरीज पुढील वस्तू हाताशी असाव्यात:

- हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक जोड मध्येच फाटतो
- वाडगा आणि रंग लावायचा ब्रश
- टोकदार दांड्याचा कंगवा आणि मोठ्या दातांचा कंगवा
- केस अडकवण्यासाठी किमान सहा मोठे चिमटे
- पेट्रोलियम जेली
- रंग नसलेला पांढरा कंडिशनर
- शॉवर कॅप किंवा स्वयंपाकघरातील प्लॅस्टिक रॅप
- दोन आरसे, गडद रंगाचा जुना टॉवेल आणि पुढून बटणे असलेला जुना शर्ट

शर्ट पुढून उघडणाराच हवा, कारण रंग लावलेल्या केसांवरून गळ्यातला कपडा काढता येत नाही. वाडगा धातूचा नसावा ही सूचना मुळात पेरॉक्साइड असलेल्या रंगांसाठीची आहे. येथे तसा धोका नाही, परंतु प्लॅस्टिकचा वाडगा हलका असल्याने हातात धरून काम करणे सोपे जाते.

5. केस तयार करा

सेमी-परमनंट रंगासाठी केसांवर तेल, सीरम किंवा कंडिशनरचा थर नसावा. असा थर असला की रंग त्याच्यावरच बसतो आणि पहिल्याच पाण्यासरशी वाहून जातो. आधी शक्यतो थर काढणाऱ्या, म्हणजे क्लॅरिफाइंग, शाम्पूने दोनदा केस धुवावेत आणि कंडिशनर लावू नये. कंडिशनर नसल्याने लांब केस चरचरीत होऊन गुंततात. म्हणून धुण्यापूर्वीच सगळा गुंता सोडवून ठेवावा आणि धुताना केस डोक्यावर गोळा करून चोळू नयेत. धुतल्यावर टॉवेलने टिपावेत. रंग कोरड्या केसांवर लावायचा की ओलसर, हे बाटलीवर दिलेले असते. ओलसर म्हणजे हाताला गारवा लागेल पण थेंब गळणार नाही इतपत, कारण निथळत्या केसांत रंग पातळ होतो.

खडू वापरणाऱ्यांसाठी थोडे वेगळे आहे. गडद केस किंचित ओले करून खडू ओढल्यास रंग अधिक उठतो. उजळ किंवा ब्लीच केलेल्या केसांवर मात्र तो कोरडाच वापरावा, अन्यथा डाग राहण्याची शक्यता वाढते.

6. भाग पाडा

कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक भांग पाडा आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरा. असे चार भाग होतात. प्रत्येक भाग पिळून त्याचा छोटा अंबाडा करा आणि चिमटा लावा. केस फार दाट असतील तर सहा भाग करा. त्वचेच्या कडेने, म्हणजे कपाळ, कानशिले, कानांचे वळसे आणि मान, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जेली केसांवर येऊ देऊ नका, कारण जेथे ती लागेल तेथे रंग चढणार नाही.

हे काम कंटाळवाणे वाटते आणि ‘मोकळ्या केसांवरच लावून टाकू’ असा मोह होतो. मोकळ्या लांब केसांवर रंग लावला की वरचा थर नीट रंगतो आणि आतला, विशेषतः मानेवरचा, कोरडाच राहतो. केस खाली सोडलेले असताना ते दिसत नाही, पण वेणी घातली की तीन पेडांतून कोरे पट्टे बाहेर येतात.

7. रंग लावा

सुरुवात मानेपासून करा. मागच्या एका भागाचा चिमटा काढून टोकदार दांड्याने बोटभर जाडीची आडवी पाती वेगळी करा आणि बाकीचे केस पुन्हा अडकवा. ही पाती तळहातावर पसरून धरावी आणि ब्रशने मुळांकडून मध्यापर्यंत रंग लावावा. मग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ती वरून खाली ओढत न्यावी, पुन्हा उलटवून दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. रंग पूर्ण मुरला की बट ओल्या रेशमाच्या लडीसारखी एकसंध आणि निसरडी लागते. मध्ये कोठे कोरडे राहिले असेल तर तेथे बोटे अडखळतात. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा, कारण काळ्या केसांवर ओला गडद रंग दिसतच नाही.

टोकांसाठी वेगळी युक्ती आहे. बटेच्या चाचणीत टोके फार गडद झाली असतील, तर दुसऱ्या वाडग्यात रंग आणि पांढरा कंडिशनर समप्रमाणात मिसळून घ्या. शेवटची वीतभर लांबी या फिक्या मिश्रणाने, आणि सर्वांत शेवटी, रंगवा. रंगीत कंडिशनरही असाच सौम्य करता येतो. हे मिश्रण बाटलीत परत ओतू नये आणि ब्रश बुडवलेला रंगही बाटलीत टाकू नये, अन्यथा उरलेली बाटली खराब होते.

एकटीने करत असाल तर कंबरेपर्यंतच्या दाट केसांना तास-दीड तास सहज लागतो. मदतीला कोणी असेल तर त्यांना मागचा भाग द्या आणि पुढचे तुम्ही करा. पहिल्या बटेला जास्त वेळ मिळाला म्हणून घाबरू नये. पेरॉक्साइडच्या रंगात वेळेचा काटा पाळावाच लागतो. येथे केसाने धरायचा तेवढा रंग धरला की पुढे फारसा फरक पडत नाही. शेवटची बट झाल्यानंतरच वेळ मोजायला लागावे.

प्रत्येक भाग झाला की तो सैल गुंडाळून डोक्यावर ठेवावा. घट्ट पिळल्यास रंग निथळून एका बाजूला गोळा होतो. सगळे झाल्यावर दोन आरसे समोरासमोर धरून मान, कानांमागची जागा आणि भांगाची रेघ तपासावी.

8. थांबा

शॉवर कॅप घालून बाटलीवर दिलेला वेळ, बहुधा 20 ते 40 मिनिटे, थांबावे. फरशीवर किंवा बेसिनवर पडलेले थेंब तोवर लगेच पुसून घ्यावेत. वाळल्यावर ते फरशीच्या सांध्यांत बसतात.

9. धुवा

लांब केस अंगावर सोडून धुतल्यास पाठीवर रंगाचे ओघळ उमटतात. त्याऐवजी पुढे वाकून केस खाली सोडावेत आणि कोमट, शक्य असल्यास गार पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने रंग भराभर उतरतो. या वेळी शाम्पू लावू नये. पाणी बरेचसे स्वच्छ येऊ लागले की कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरत जावे आणि पुन्हा धुवावे. पाणी काचेसारखे नितळ होण्याची वाट पाहू नका. लाल आणि गडद छटांत ते पुढची तीन-चार धुणी रंगीतच येते.

टॉवेल केसांभोवती पिळून बांधण्याऐवजी दाबून पाणी टिपावे. हेअर ड्रायर वापरायचा झाल्यास गार हवेवर ठेवावा. केस पूर्ण वाळण्यापूर्वी पांढरा किंवा आवडता कपडा घालू नये.

10. पुढचे काही दिवस

पहिला आठवडा उशीला गडद अभ्रा घालावा आणि झोपताना सैल वेणी घालावी. घाम आणि पाऊस या दोन्हींनी रंग उतरतो आणि मानेवर, कॉलरवर येतो. लांब केस पाठीवर मोकळे असतील तर संपूर्ण पाठच रंगते, म्हणून अशा दिवशी अंबाडा बांधावा. रंग टिकवायचा असेल तर केस कमी वेळा, सौम्य आणि सल्फेटविरहित शाम्पूने आणि कोमट पाण्याने धुवावेत. पोहायला जाणे टाळावे, कारण क्लोरीनच्या पाण्यात रंग असमान उतरतो.

कपाळावर किंवा कानावर डाग राहिले असतील तर कापसावर थोडे तेल किंवा मेकअप रिमूव्हर घेऊन हळुवार पुसावे आणि नंतर साबणाने धुवावे. घासणी, ब्लीच किंवा फरशी पुसायचे द्रव त्वचेवर कदापि वापरू नये.

11. रंग लवकर घालवायचा असल्यास

क्लॅरिफाइंग शाम्पू आणि सोसवेल इतके गरम पाणी, हा सर्वांत सोपा उपाय आहे. शाम्पू लावून पाच मिनिटे ठेवावा, मग धुवावा आणि प्रत्येक वेळी टोकांना भरपूर कंडिशनर लावावा. सगळा रंग एकाच दिवशी काढायचा अट्टहास करू नये. लागोपाठ पाच-सहा वेळा धुतल्यास जुनी टोके कोरडी पडून त्यांना फाटे फुटतात. वॅक्स असेल तर आधी कंडिशनर चोळून ते मऊ करावे आणि मग शाम्पू करावा. कोरडेच ओढून विंचरू नये.

इतके करूनही टोकांवर डाग उरला, तर त्यावर ब्लीच मारू नका. ब्लीचने केस आणखी सच्छिद्र होतो आणि उरलेला निळा-हिरवा रंग काही वेळा उलट अधिक उठून दिसतो. माझ्या हिरवट टोकांवर शेवटी रंगचक्राचा उपाय चालला. या चक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात आणि हिरव्याच्या समोर लाल असतो, म्हणून तीन मोठे चमचे पांढऱ्या कंडिशनरमध्ये अर्धा चमचा लाल सेमी-परमनंट रंग मिसळून आधी एका बटेवर पाच मिनिटे लावून पाहिला. हिरवट झाक जाऊन तेथे मातकट तपकिरी रंग आला आणि तो वरच्या काळ्या केसांत मिसळून गेला. मग उरलेल्या टोकांना तेच मिश्रण तेवढाच वेळ लावले. दोन महिन्यांनी केस कापताना त्यातील चार बोटे केस गेले आणि बाकीचे नेहमीच्या शेपट्यात कोणाच्या लक्षातही आले नाहीत.